पांढऱ्या कोचचा निर्णय : नॅशनल बस कंपनी, १९७२

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात चेल्टनम नावाचे शहर आहे. तेथील सेंट मार्गरेट्सच्या कोचस्थानकावर (कोच म्हणजे लांब पल्ल्याची प्रवासी बसगाडी) दुपारी दोन वाजता जे घडत असे, ते ब्रिटिश कोचप्रवासाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वेल्सकडून आलेली रेड अँड व्हाइटची लाल गाडी, मिडलंड्समधून आलेली मिडलंड रेडची लाल-काळी गाडी, नैर्ऋत्य किनाऱ्यावरून आलेली रॉयल ब्लूची गडद निळी गाडी आणि खुद्द चेल्टनमच्या ब्लॅक अँड व्हाइट कंपनीच्या नावाप्रमाणेच काळ्या-पांढऱ्या गाड्या फलाटांना लागत. प्रवासी सामान घेऊन उतरत, आपापल्या पुढच्या गाडीत जाऊन बसत, आणि दोनच्या ठोक्याला त्या सगळ्या गाड्या एकापाठोपाठ एक रस्त्याला लागत. कार्डिफहून निघालेला माणूस एकाच तिकिटावर, वाटेत एकदाच गाडी बदलून, लेस्टरला पोचू शकत होता.

हे तिकीट ‘असोसिएटेड मोटरवेज’ या नावाने मिळे. १९३४ साली अनेक कोच कंपन्यांनी एकत्र येऊन ही संघटना उभी केली. वेळापत्रक एक, तिकिटे एक, उत्पन्न एका गल्ल्यात जमा करून ठरलेल्या हिश्श्याने वाटून घ्यायचे, अशी तिची रचना होती. मात्र या संघटनेच्या मालकीची एकही गाडी नव्हती. गाड्या सभासद कंपन्यांच्या, चालक त्यांचे आणि रंगही त्यांचे. तिकिटावरचे नाव रस्त्यावर कोठेही रंगवलेले दिसत नसे.

प्रस्तुत प्रकरणात तपासायचा निर्णय याच्या जवळजवळ चार दशकांनंतरचा आहे. १९७२ साली सरकारी मालकीच्या नॅशनल बस कंपनीने इंग्लंड व वेल्समधील आपल्या सर्व लांब पल्ल्याच्या कोचगाड्या पांढऱ्या करण्याचे ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत अनेक दशकांचे रंग रस्त्यावरून पुसले गेले. या निर्णयाकडे सहसा दोन नजरांनी पाहिले जाते. जुन्या गाड्यांचे प्रेमी त्याकडे एक सांस्कृतिक हानी म्हणून पाहतात, तर व्यवस्थापनाचे अभ्यासक त्याला एकसंध ओळख निर्माण करण्याचा यशस्वी प्रयोग मानतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु मला या निर्णयाचा गाभा तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. गाडीचा मालक कोण आणि प्रवाशाला वचन देणारा कोण, या दोन गोष्टी चेल्टनमच्या काळापासूनच वेगळ्या होत्या. पांढऱ्या रंगाने त्या वेगळेपणाला प्रथमच दृश्य रूप दिले, आणि म्हणूनच तो रंग ज्या सरकारी कंपनीने आणला तिच्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकला.

परवान्यांच्या छायेतील रंग

ब्रिस्टलच्या ग्रेहाउंड मोटर्सने ११ फेब्रुवारी १९२५ रोजी ब्रिस्टल ते लंडन अशी रोजची कोचसेवा सुरू केली आणि लांब पल्ल्याच्या नियमित कोचप्रवासाला ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने तोंड फुटले. पुढची पाच वर्षे ज्याच्याकडे गाडी आणि धाडस असेल त्याने मार्ग सुरू करावा, अशी मोकळीक होती. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने ती संपवली. प्रत्येक मार्गासाठी वाहतूक आयुक्तांकडून परवाना घेणे आवश्यक झाले, आणि अर्ज आला की त्या मार्गावर आधीपासून असलेल्या कंपन्यांना व रेल्वेलाही हरकत घेता येऊ लागली. नवीन मार्ग मिळवणे कठीण, तर मिळालेला मार्ग सुरक्षित, अशी स्थिती निर्माण झाली. कंपन्यांनी एकमेकांशी झगडण्यापेक्षा वाटणी करून घेणे पसंत केले. असोसिएटेड मोटरवेज हे त्याच वाटणीचे अपत्य होते.

या परवाना पद्धतीचा रंगांवर झालेला परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. एकाच मार्गावर दोन कंपन्या क्वचितच समोरासमोर येत असल्यामुळे रंगाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा उठून दिसण्याचे काम करावे लागत नव्हते. तो प्रदेशाची खूण झाला. ससेक्समध्ये साउथडाउनचा सफरचंदी हिरवा आणि साय रंग म्हणजे तेथील समुद्रकिनाऱ्याच्या निसर्गाचाच एक भाग वाटावा इतका रुळलेला होता. शेजारच्या केंटमध्ये मेडस्टन अँड डिस्ट्रिक्टच्या गाड्या गडद हिरव्या व साय रंगाच्या, तर ईस्ट केंटच्या तांबड्या व साय रंगाच्या असत. बोर्नमथच्या एलियट घराण्याने १८८० मध्ये घोडागाड्यांपासून आरंभ केलेल्या रॉयल ब्लूच्या निळ्या गाड्या डेव्हन व कॉर्नवॉलच्या सुट्टीशी जोडल्या गेल्या होत्या. रॉचडेलच्या यलोवेच्या नारिंगी-साय गाड्या लँकाशरच्या गिरणी कामगारांना नैर्ऋत्य किनाऱ्याकडे नेत. स्कॉटलंडमध्ये वेस्टर्न एसएमटी या बसकंपनीने ग्लासगोहून रात्रभर धावून लंडन गाठणाऱ्या गाड्यांसाठी काळा-पांढरा रंग राखून ठेवला होता; तो पाहिला की गाडी लांबच्या वाटेची आहे हे वेगळे सांगावे लागत नसे.

या सगळ्या गाड्या लंडनमध्ये एकाच छताखाली येत. १० मार्च १९३२ रोजी बकिंगहॅम पॅलेस रोडवर सुरू झालेले व्हिक्टोरिया कोचस्थानक हे वॉलिस, गिल्बर्ट अँड पार्टनर्स या वास्तुविशारद संस्थेचे काम. त्याच्या पांढऱ्याशुभ्र, आर्ट डेको वास्तुशैलीतील दर्शनी भागामागे उन्हाळ्यातील शनिवारी जो रंगांचा मेळा भरत असे तो आज छायाचित्रांतूनच पाहता येतो, आणि ती छायाचित्रेही बहुतांशी कृष्णधवल आहेत. ही उणीव मला फार जाणवते. ज्या गोष्टीचा सर्व जीव रंगात होता तिची सर्वाधिक नोंद बिनरंगी झाली.

मात्र त्या मेळ्यात उभा असलेला, वर्षातून एकदाच प्रवास करणारा माणूस गोंधळून जात असेल, हेही तितकेच खरे. आपल्याकडे एकच महामंडळ आणि त्याची लाल गाडी यांची सवय असलेल्या मराठी वाचकाने कल्पना करून पाहावी: हातातल्या तिकिटावर एका संस्थेचे नाव, वेळापत्रकाच्या पुस्तिकेत दुसऱ्या कंपनीचा उल्लेख आणि फलाटावर उभी असलेली गाडी तिसऱ्याच रंगाची. ज्याला ही व्यवस्था ठाऊक होती त्याला तिच्यात गोडी वाटे. ज्याला नव्हती त्याला ती परकी वाटे आणि तो रेल्वेकडे वळे.

एका मालकाखाली आलेली अनेक घरे

१९६८ च्या वाहतूक कायद्याने नॅशनल बस कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १९६९ पासून तिचा कारभार सुरू झाला. तिच्याकडे २० हजारांच्या आसपास बसगाड्या व कोचगाड्या आल्या. त्या दोन मोठ्या परंपरांमधून आल्या होत्या, आणि त्या दोहोंची प्रकृती अगदी भिन्न होती. पहिली टिलिंग समूहाची. या समूहाच्या बसकंपन्या १९४८ मध्येच सरकारकडे आल्या होत्या. त्यांच्या बसगाड्या बहुधा ब्रिस्टल बनावटीच्या सांगाड्यावर लोस्टॉफ्टच्या ईस्टर्न कोच वर्क्सने बांधलेल्या, आणि रंगही ठराविक लाल किंवा हिरवा असे. दुसरी परंपरा ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन अर्थात बीईटी समूहाची. या समूहाने आपला ब्रिटनमधील बसव्यवसाय ३ कोटी ५० लाख पौंडांना सरकारला विकण्याचे १९६७ च्या अखेरीस मान्य केले. साउथडाउन, रिबल, मिडलंड रेड, ईस्ट केंट, मेडस्टन अँड डिस्ट्रिक्ट या कंपन्या बीईटीच्या. तेथे प्रत्येक कंपनीला आपली गाडी, आपली बांधणी आणि आपला रंग ठरवण्याचे स्वातंत्र्य होते. मिडलंड रेड तर आपल्या गाड्या स्वतःच्या कारखान्यात घडवत असे. एम-१ महामार्ग २ नोव्हेंबर १९५९ रोजी खुला झाला त्याच दिवशी तिने स्वतः बनवलेल्या लाल-काळ्या कोचगाड्यांनी बर्मिंगहॅम ते लंडन ही महामार्गसेवा सुरू केली होती.

म्हणजे १९६९ मध्ये मालक एक झाला, पण घरे वेगळी राहिली. पहिली तीन वर्षे नव्या कंपनीने रंगांना फारसा हात लावला नाही. १९७२ मध्ये फ्रेड वुड अध्यक्ष झाले. ते क्रोडा या रसायन कंपनीचे प्रमुख होते. बसव्यवसायात वाढलेला माणूस साउथडाउनच्या हिरव्या रंगाकडे ज्या ममत्वाने पाहील ते त्यांच्याकडे असण्याचे कारण नव्हते. ब्रिटिश रेल्वेने १९६५ पासून दुहेरी बाणाचे चिन्ह आणि निळा रंग स्वीकारून जुन्या प्रादेशिक रेल्वेकंपन्यांच्या खुणा पुसत आणल्याचे उदाहरण समोर होते. शिवाय डिसेंबर १९७१ मध्ये लंडन ते दक्षिण वेल्स हा एम-४ महामार्ग सलग जोडला गेला होता आणि कोचला रेल्वेशी वेळेच्या बाबतीत थोडीफार बरोबरी करण्याची संधी आली होती. सर्व देशभर सेवा देणारी संस्था आपली आहे, ही गोष्ट लोकांना कळतच नसेल तर त्या संधीचा उपयोग नव्हता.

पांढऱ्याची रचना

रचनाकार नॉर्मन विल्सन यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. त्यांनी दोन ‘एन’ अक्षरांपासून बाणासारखे चिन्ह तयार केले. एक एन आणि जणू त्याचीच पडलेली सावली. गाडी पूर्ण पांढरी, तिच्या बाजूवर ‘नॅशनल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, एक अक्षर लाल तर पुढचे निळे अशा क्रमाने, आणि शेजारी ते दुहेरी चिन्ह. ज्या कंपनीची गाडी असेल तिचे नाव पुढच्या चाकाच्या वर, लहान अक्षरांत.

या रचनेतील दोन बाबींवर थोडे थांबणे आवश्यक आहे.

पहिली बाब पांढऱ्या रंगाच्या निवडीची. जुने रंग गाडीच्या अंगाशी एकरूप झालेले होते. बाजूच्या पत्र्यावर उठावदार पट्ट्या बसवलेल्या असत, त्या कोठे वळतात, कोठे खाली उतरतात, यावर दोन रंगांची सीमा ठरे. त्यामुळे प्रत्येक बांधणीसाठी रंगकामाचा वेगळा विचार करावा लागे. १९७२ च्या ताफ्यात स्कारबरोच्या प्लॅक्सटनने बांधलेल्या गाड्या होत्या, ब्लॅकपूलच्या डुप्लेच्या होत्या, ईस्टर्न कोच वर्क्सच्या होत्या. काही वर्षभर जुन्या, काही दहा-बारा वर्षे जुन्या. एवढ्या भिन्न अंगांना एकाच घरची दिसायला लावील असा दोन रंगांचा कोणताही मेळ सापडणे अवघड होते. एकरंगी पांढरा मात्र पट्ट्यांची पर्वा न करता कोणत्याही गाडीवर चढत असे. शिवाय १९६१ मध्ये ३६ फूट आणि पुढे १२ मीटर लांबीच्या गाड्यांना परवानगी मिळाल्यामुळे कोचच्या बाजू लांब व सपाट होत चालल्या होत्या, आणि मोठ्या अक्षरांना हवी ती जागा तेथे आपोआप तयार झाली होती.

दुसरी बाब रंगांच्या उतरंडीची. त्याच सुमारास कंपनीने स्थानिक बसगाड्यांसाठी दोनच रंग ठेवले, एक पॉपीच्या फुलासारखा लाल आणि दुसरा पानासारखा हिरवा. लांब पल्ल्याच्या कोच पूर्ण पांढऱ्या. आणि जी गाडी कधी स्थानिक तर कधी मध्यम अंतराच्या मार्गावर चालवली जाई, ती खालच्या अर्ध्या भागात लाल किंवा हिरवी आणि वर पांढरी. पांढरा जितका अधिक तितकी गाडी दूरची. जुन्या व्यवस्थेत रंग पाहून गाडी कुठली आहे हे कळत असे. नव्या व्यवस्थेत गाडी किती लांब जाणार आहे हे कळू लागले. १९७२ चा सर्वांत मूलगामी बदल मला हा वाटतो, आणि त्या काळच्या हळहळीत तो बराचसा झाकला गेला.

हळहळ मात्र खरी होती. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. त्या मिठाचा चिखल आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले पाणी यांमुळे महामार्गावरून आलेली पांढरी गाडी दोनशे मैलांच्या अंती पांढरी उरत नाही. गडद निळ्या किंवा गडद हिरव्या अंगावर जे झाकले जाई ते पांढऱ्यावर उघडे पडते. गाडी धुण्याची सोय जेथे चांगली होती त्या आगारांतून पांढऱ्या गाड्या दिमाखाने निघत, आणि जेथे नव्हती तेथील गाड्यांकडे पाहून राष्ट्रीय सेवेविषयीचे प्रवाशाचे मत बनत असे. जुन्या गाड्यांचे तर विशेष हाल झाले. दोन रंगांसाठी घडवलेल्या त्यांच्या पट्ट्या आता कशासाठी आहेत ते कळेनासे झाले आणि सुरेख बांधणीचे कोच अंगावरची वस्त्रे काढून घेतल्यासारखे दिसू लागले.

याहून मोठे नुकसान आगारांतल्या माणसांचे झाले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कंपनीत काम केलेल्या चालकाला, यांत्रिकाला आणि रंगाऱ्याला आपल्या कंपनीचा रंग हा गणवेशाइतकाच आपला वाटत होता. तो रंग जपण्यात जी चढाओढ असे, तिच्यामुळे गाड्या नीट राहत. दूरच्या कार्यालयात ठरलेला पांढरा तेवढ्या आपलेपणाने जपला जाईल अशी अपेक्षा करणे हा निर्णयकर्त्यांचा कच्चा हिशेब होता, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक प्रदेशाला चिन्हासाठी आपला एखादा रंग वापरू दिला असता तरी एकसंधतेला फारसा धक्का बसला नसता.

रंगाच्या मागोमाग व्यवस्था

रंग बदलला म्हणून सेवा एक होत नाही, हे कंपनीला माहीत होते. कोचव्यवसाय प्रादेशिक बसकंपन्यांकडून काढून घेऊन ‘नॅशनल ट्रॅव्हल’ नावाच्या प्रादेशिक उपकंपन्यांकडे देण्यास १९७३-७४ मध्ये आरंभ झाला, आणि १९७४ पासून नियमित मार्गांसाठी ‘नॅशनल एक्सप्रेस’ हे नाव वापरात आले. असोसिएटेड मोटरवेजचे वेगळे अस्तित्व याच काळात संपले. ब्लॅक अँड व्हाइट ही कंपनी नव्या नैर्ऋत्य विभागात विरून गेली. रॉयल ब्लूचे नाव गाड्यांवरून गेले. चेल्टनमची दोन वाजताची सुटण्याची वेळ काही वर्षे टिकली, पण सुटणाऱ्या गाड्या आता सगळ्या सारख्या दिसत होत्या. एम-४ आणि एम-५ महामार्गांमुळे गाड्यांना चेल्टनमला वळसा घालून येण्याचे कारणही हळूहळू उरले नाही.

नॅशनल ट्रॅव्हलच्या उपकंपन्या मात्र रुजल्या नाहीत. कोच आणि बस यांचे आगार, कामगार व दुरुस्ती एकत्र असणेच अनेक ठिकाणी स्वस्त पडत होते, आणि काही वर्षांतच या उपकंपन्या एकमेकींत विलीन करण्याची, मिटवण्याची वेळ आली. बहुतेक गाड्या पुन्हा प्रादेशिक बसकंपन्यांकडूनच चालवून घेतल्या जाऊ लागल्या. हे या प्रकरणातील कळीचे वळण आहे. मालकी एकत्र करण्याचा प्रयत्न फसला, रंग एकत्र करण्याचा फसला नाही. वेळापत्रक, भाडे, आरक्षण आणि नाव एका ठिकाणी, तर गाडी, चालक आणि दुरुस्ती अनेक ठिकाणी, ही मूळची चेल्टनमची घडी पुन्हा बसली. फरक इतकाच की या वेळी प्रवाशाला बाहेरून एकच संस्था दिसत होती.

परीक्षेची घडी : ऑक्टोबर १९८०

१९८० च्या वाहतूक कायद्याने लांब पल्ल्याच्या कोचसेवेवरील मार्गपरवान्यांचे बंधन काढून टाकले. ६ ऑक्टोबर १९८० पासून कोणीही पात्र चालक-कंपनी कोणत्याही मार्गावर कोच चालवू शकत होती. अर्धशतक जुनी भिंत एका दिवसात पडली. लीड्सची वॉलेस अर्नोल्ड, लंडनची ग्रे-ग्रीन, वायव्य इंग्लंडची शिअरिंग्ज अशा नामांकित खाजगी कंपन्यांनी मिळून ‘ब्रिटिश कोचवेज’ नावाची संघटना उभी केली आणि नॅशनल एक्सप्रेसच्या मुख्य मार्गांवर कमी भाड्यात गाड्या सोडल्या.

या संघटनेचे पुढे जे झाले त्यावरून १९७२ च्या निर्णयाचे मोल समजते. नाव एक, दरपत्रक एक, गाड्या निरनिराळ्या मालकांच्या, ही तिचीही रचना होती. पण तिच्याकडे व्हिक्टोरिया नव्हते. ते नॅशनल बस कंपनीच्या मालकीचे होते आणि प्रतिस्पर्ध्यांना तेथे जागा मिळाली नाही. त्यांना लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळची जागा वापरावी लागली. देशभर पसरलेले आरक्षण कार्यालयांचे जाळे, एका गाडीतून दुसरीत बदलण्याची सोय, गाडी बंद पडली तर जवळच्या आगारातून दुसरी पाठवण्याची क्षमता, यांतले काही तिच्यापाशी नव्हते. सरकारी कंपनीने भाडी तत्परतेने खाली आणली, रेल्वेनेही सवलती दिल्या, आणि दोन-तीन वर्षांत ब्रिटिश कोचवेज विसर्जित झाली. तिच्या गाड्यांवरही समान नाव होते. त्या नावामागे उभी राहणारी यंत्रणा नव्हती. नॅशनलची पांढरी गाडी तोपर्यंत आठ वर्षे रस्त्यावर दिसत होती आणि तिच्यामागे स्थानके, तिकीटखिडक्या व वेळापत्रके उभी होती.

स्पर्धेने नॅशनल एक्सप्रेसचेही भले केले, हे नमूद करायला हवे. १९८१ पासून प्लिमथजवळच्या ट्रॅथन्स या खाजगी कंपनीच्या सहकार्याने ‘रॅपिड’ सेवा सुरू झाली. गाडीत स्वच्छतागृह, चित्रफीत दाखवण्याची सोय आणि खाद्यपेये आणून देणारी सेविका, असे तिचे स्वरूप होते. प्रवासीसंख्या झपाट्याने वाढली. पांढऱ्या गाडीवर आता सेवेचे वेगळे नाव झळकू लागले, लाल-निळे पट्टे आले, मूळची करडी शिस्त सैल झाली. खाजगी मालकाची गाडी सरकारी कंपनीच्या रंगात धावते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, हे दृश्य १९७२ पूर्वी कल्पनेपलीकडचे होते.

स्कॉटलंडची वाट निराळी होती. तेथील स्कॉटिश बस ग्रुप नॅशनल बस कंपनीच्या बाहेर होता. त्याने १९८५ मध्ये ‘स्कॉटिश सिटीलिंक’ ही कंपनी स्थापन करून निळा व पिवळा रंग घेतला. तिच्याही गाड्या मुख्यत्वे इतर कंपन्यांकडून चालवून घेतलेल्या होत्या. त्याच देशात पर्थच्या ब्रायन सूटर आणि अ‍ॅन ग्लोग या भावंडांनी १९८० मध्ये स्टेजकोच सुरू करून पांढऱ्यावर लाल, नारिंगी व निळे पट्टे ओढलेल्या गाड्या डंडीहून लंडनला पाठवल्या. पुढे देशातील सर्वांत मोठ्या बससमूहांपैकी एक झालेल्या या कंपनीचा आरंभ लांब पल्ल्याच्या कोचमधून झाला.

मालक गेला, रंग राहिला

१९८५ च्या वाहतूक कायद्याने नॅशनल बस कंपनीचे तुकडे करून विक्री करण्याचे ठरवले. प्रादेशिक कंपन्या एकेक करून विकल्या गेल्या, आणि विकल्या जाताच त्यांतल्या काहींनी जुने रंग पुन्हा बाहेर काढले. साउथडाउनच्या गाड्यांवर सफरचंदी हिरवा परत आला. मार्च १९८८ मध्ये नॅशनल एक्सप्रेस तिच्याच व्यवस्थापकांनी विकत घेतली. व्हिक्टोरिया कोचस्थानक तिला मिळाले नाही. ते लंडन रीजनल ट्रान्सपोर्टकडे गेले. म्हणजे विकत घेणाऱ्यांच्या हाती स्थानक नाही, आगारे नाहीत, मालकीच्या गाड्या नाममात्र. त्यांनी प्रामुख्याने विकत घेतले ते एक नाव, एक वेळापत्रक, एक आरक्षणव्यवस्था आणि पांढरा रंग.

एवढ्यावर व्यवसाय उभा राहू शकला, कारण १९७२ पासून प्रवाशाची ओळख गाडीच्या मालकाशी नव्हती, तर त्या पांढऱ्या अंगावरच्या नावाशी होती. चाकावर लहान अक्षरांत कोणाचे नाव आहे ते त्याने कधी वाचलेच नसेल, तर ते नाव बदलले तरी त्याला कळणार नव्हते. नव्या मालकांनी गाड्या कराराने घेतल्या, आणि त्या करारात गाडीचे वय, रंग, स्वच्छता व बांधणी यांच्या अटी घातल्या. १९८९ मध्ये प्लॅक्सटनने खास नॅशनल एक्सप्रेससाठी ‘एक्सप्रेसलाइनर’ ही बांधणी काढली, आणि २००५ मध्ये पोर्तुगालच्या काएतानो कंपनीची ‘लेव्हांते’ आली; तिच्या पुढच्या दरवाजातच चाकाची खुर्ची वर घेणारी उचलयंत्रणा बसवलेली होती. १९७२ मध्ये निरनिराळ्या गाड्यांना एकाच रंगाने झाकावे लागले होते, आता गाडीच त्या रंगासाठी बनू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये नॅशनल एक्सप्रेसचे समभाग लंडनच्या बाजारात आले, पुढे तिने बस व रेल्वेच्या व्यवसायातही प्रवेश केला, आणि २०२३ मध्ये मूळ समूहाने ‘मोबिको’ हे नाव धारण केले. चिन्हे बदलली, अक्षरांची घडण बदलली. हीथ्रोवर उतरून बर्मिंगहॅमला किंवा ब्रिस्टलला निघालेला पुण्या-मुंबईचा विद्यार्थी आजही ज्या गाडीत बॅगा टाकतो ती पांढरीच असते.

प्रतिस्पर्ध्यांनी आपला रंग निवडताना या पांढऱ्याला समोर ठेवले असावे, असा तर्क करता येतो. स्टेजकोचने २००३ मध्ये एक पौंडापासून सुरू होणाऱ्या भाड्यांसह ‘मेगाबस’ आणली, ती गडद निळ्या व पिवळ्या रंगांत. २०२० मध्ये जर्मनीची ‘फ्लिक्सबस’ ब्रिटनमध्ये आली आणि तिने पोपटीच्या जवळ जाणारा तेजस्वी हिरवा रस्त्यावर आणला. फ्लिक्सबसच्याही गाड्या स्थानिक कोच कंपन्यांच्या असतात. त्या कंपन्यांपैकी एखादी तीन पिढ्यांची जुनी असते, आपल्या गावात शाळांच्या सहली आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी स्वतःच्या रंगातील गाड्या देत असते, आणि त्याच आगारात दोन गाड्या दुसऱ्या कोणाच्या तरी हिरव्या किंवा पांढऱ्या रंगात उभ्या असतात. रंगवणारा माणूस एकच, पण एका भिंतीजवळच्या गाडीचा रंग त्याच्या मालकाने निवडलेला असतो आणि दुसऱ्या भिंतीजवळचा करारातील परिशिष्टाने.

जुने रंग पूर्णपणे हरवलेले नाहीत. जतन केलेल्या रॉयल ब्लूच्या गाड्या उत्साही मंडळी आजही नैर्ऋत्येच्या जुन्या रस्त्यांवर घेऊन जातात. ससेक्समधील अ‍ॅम्बर्ली संग्रहालयात साउथडाउनच्या गाड्या पाहता येतात. कायद्याने मात्र दैनंदिन सेवेतल्या प्रत्येक गाडीवर मालकासाठी एक जागा राखून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये प्रवासी वाहनाच्या डाव्या बाजूला, म्हणजे पदपथाकडच्या अंगाला, ती चालवणाऱ्या परवानाधारकाचे नाव आणि पत्ता किमान २५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहिलेला असावा लागतो. व्हिक्टोरियाच्या फलाटावर पांढऱ्या किंवा हिरव्या गाडीत चढण्यापूर्वी खाली वाकून ती ओळ वाचली, तर गाडी खरोखर कोणत्या गावाहून आली आहे ते समजते.